आठवी खुर्ची

माझ्या आजीची बहीण हेलेनआजी कायमची ॲरिझोनाला राहायला गेली हे कळलं तेव्हा मी टपालाच्या गाडीत होते, आणि मला इतका आनंद झाला की जोहानसनांचं सगळं टपाल मी नेल्सनांच्या पेटीत टाकून पुढे निघून गेले. कुणी दूर गेल्याचा आनंद मानू नये हे मलाही कळतं. पण हेलेनआजीला सांधेदुखी आहे, तिकडे ऊन आहे, तिच्या मुलीच्या घरी पोहायचा तलाव आहे. तिचं भलंच झालं. आणि माझ्या आजीच्या जेवणाच्या टेबलाची आठवी खुर्ची रिकामी झाली.

मी चौतीस वर्षांची आहे. रोज शहाण्णव मैल गाडी चालवून टपाल वाटते. माझं स्वतःचं घर आहे, बर्फ उडवायचं यंत्र आहे, पाठदुखीचा डॉक्टरसुद्धा आहे. आणि दर वर्षी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे आभाराच्या सणाला, मी मुलांच्या टेबलावर जेवते.

याला कारण ऑर्लिनआजोबा. त्यांनी लग्नानंतर ओकच्या लाकडाच्या आठ खुर्च्या बनवल्या. जेवणाच्या खोलीत नववी मावत नाही, आणि मावली असती तरी आजीनं घडीची खुर्ची आत येऊ दिली नसती. "त्या चर्चच्या तळघरात शोभतात," असं तिचं म्हणणं. म्हणजे मोठ्यांच्या टेबलावर जागा व्हायची तर कुणीतरी मरायला हवं, घटस्फोट घ्यायला हवा, नाहीतर गाव सोडायला हवं. आमच्याकडची माणसं चिवट. आजोबा सोडले तर नव्वदीच्या आत कुणी मरत नाही आणि विस्कॉन्सिन सोडून जाणं म्हणजे त्यांना पाप वाटतं. आजोबांचे भाऊ मिल्टनआजोबा गेले तेव्हा त्यांची खुर्ची माझ्या भावाला, एरिकला मिळाली, कारण तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लव्हॉनआत्याचा नवरा तिला सोडून गेला, ती खुर्ची एरिकच्या बायकोला, डॅनाला गेली. आजोबांची खुर्ची आजीनं शेजारच्या सेल्मरना दिली. मी राहिले स्वयंपाकघरात, दाराजवळच्या पत्ते खेळायच्या टेबलाशी, एरिकच्या तीन पोरांबरोबर. त्या टेबलाचा एक पाय हलतो. गेली कित्येक वर्षं मी तो डाव्या गुडघ्यानं दाबून धरून जेवते. गुडघा काढला की तिन्ही पोरांचं दूध सांडतं.

आता तुम्ही म्हणाल, खुर्चीचं एवढं काय? जेवण तर तेच. टर्की तीच, रस्सा तोच. तर खरी गंमत जेवणात नाहीच. खरी गंमत जेवणाच्या आधी असते.

आजीचं नाव आर्डिस. लग्नानंतरचं तिचं पहिलं थँक्सगिव्हिंग एकोणीसशे अठ्ठावन्न सालचं. आजोबांचे भाऊ एकामागून एक आभार मानायला लागले. पहिला म्हणाला, कुटुंबाबद्दल आभार. दुसरा म्हणाला, तब्येतीबद्दल. तिसरा पुन्हा म्हणाला, कुटुंबाबद्दल. तेव्हा पंचवीस वर्षांच्या माझ्या आजीनं चमचा टेबलावर आपटला. "हे झालंय! रस्सा थंड होतोय. पुढच्यानं नवीन काहीतरी बोला."

तेव्हापासून तो नियमच झाला. एकदा म्हटलेली गोष्ट त्या घरात पुन्हा म्हणायची नाही. त्याच वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. देव, देश, पाऊस, मुलंबाळं हे सगळं साठ सालापर्यंतच संपलं. मग लोक शोधायला लागले. कुणी म्हणालं, उशी उलटवल्यावर लागणारी थंडगार बाजू. कुणी म्हणालं, नवीन साबणावर जुन्या साबणाचा तुकडा नीट चिकटतो ते. माझी आई एका वर्षी म्हणाली, नवरा शिकारीला गेल्यावर अख्खा पलंग. आजी ऐकते, क्षणभर थांबते, आणि एक तर "चाललं" म्हणते, नाहीतर "झालंय". पाहुण्याला तीन संधी. घरच्याला एकच. ज्याचं झालंय, त्यानं ताट उचलायचं आणि मुलांच्या टेबलावर जायचं.

हे सगळं कुठेही लिहिलेलं नाही. आजी लिहूच देत नाही. "लक्षातसुद्धा राहत नसेल तर आभार कसले मानता?" म्हणते. सगळं तिच्या डोक्यात. आणि माझ्या. मी जन्मायच्या आधीचं तिनं मला बटाटे सोलताना सांगितलं, नंतरचं मी दाराशी बसून ऐकलं. त्या जागेवरून आतलं धड ऐकू येत नाही, म्हणून लहानपणापासून मी ओरडत आले, "मोठ्यानं बोला! इथे काही ऐकू येत नाही!" आणि आजी आतून, "जेव गप!"

म्हणजे ज्या खेळाचे सगळे डाव मला पाठ, तो मी एकदाही खेळलेले नव्हते. मुलांच्या टेबलाला कुणी आभार विचारत नाही.

या वर्षी मी तयारीत होते. वर्षभर शोधून एक गोष्ट काढली होती. बर्फ पडला की रस्त्यावरच्या पेट्यांपुढे ढीग साचतो, गाडी लागत नाही, उतरावं लागतं. आणि मग एखाद्या घरापुढे येते तर कुणीतरी माझ्या आधी फावड्यानं जागा करून ठेवलेली. ती अडीच फुटांची मोकळी जागा. साठ वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. मी तीनदा तपासलं. गाडीत मोठ्यानं म्हणून बघितलं. आवाज कुठे उतरवायचा तेही ठरवलं.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आठलाच मी आजीच्या घरी हजर. नवा हिरवा झगा, त्यावर आजीचा एप्रन. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आजी गोठ्याकडे बाबांना कॉफी द्यायला गेली होती, आणि लव्हॉनआत्या टर्कीच्या पोटात सारण भरत होती.

"आलीस? इतकी नटून?" आत्या म्हणाली. "कुणी बघायला येणार आहे का?"

"आज खुर्ची आहे माझी."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. हात धुतले, पर्स उघडली आणि एक चकचकीत रंगीत कागद माझ्यापुढे धरला. त्यावर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते. हिरवळ, पडदे, पियानो.

"ओ क्लेअर शहरात आहे. माझ्या घरापासून दहा मिनिटं. एक जागा होतेय जानेवारीत."

"कुणासाठी?"

"बावळटासारखं करू नकोस, ब्रिटा. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. एकटी राहते. मागच्या महिन्यात गाडीची किल्ली फ्रीझरमध्ये सापडली. फ्रीझरमध्ये! रोज सकाळी सहाला मला फोन करते आणि काय सांगते माहीत आहे? तापमान. 'लव्हॉन, आज शून्य आहे.' बस. फोन बंद. मला माझ्या घराबाहेरचं तापमान दिसत नाही का? विसरायला लागलीय गं ती."

मी उसळलेच. "आजी? विसरायला? तिला एकोणसाठ वर्षांचं सगळं पाठ आहे! सेल्मर सत्त्याहत्तर साली काय म्हणाले विचार."

"मग आज बघूच." आत्यानं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवला. "एक जरी सुटलं ना तिच्याकडून, तर उद्या सकाळी मी तिच्याशी बोलणार. आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

"घेऊ दे तिला परीक्षा," मी मनात म्हटलं. मला काळजीच नव्हती. आजी चुकणं शक्य नाही, खुर्ची माझी, दिवस माझा. मी गाणं गुणगुणत बटाटे कुस्करले.

बारा वाजता दाराची घंटा वाजली. दारात एक उंच, गुलाबी गालांचे गृहस्थ. हातात फुलं, अंगात पिवळा स्वेटर, पायांत शहरी बूट.

"हे जेराल्ड," आत्या म्हणाली, आणि तिच्या गालांचाही रंग बदलला. "माझे मित्र. मी आईला सांगितलं होतं."

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी जेवणाच्या खोलीकडे बघितलं. आठ खुर्च्या. आजी, बाबा, आई, एरिक, डॅना, आत्या, शेजारचे म्हातारे सेल्मर. आणि डॅना आणि बाबांच्या मधली हेलेनआजीची खुर्ची, जिच्या पाठीवर आजीनं पाहुण्यासाठी आधीच इस्त्री केलेला नॅपकिन टाकून ठेवला होता.

हातातोंडाशी आलेला घास असा गेला. मी एप्रन सोडला, आपलं ताट उचललं आणि पत्त्यांच्या टेबलाशी जाऊन धप्पकन बसले. दूध सांडलं.

"आत्या, गुडघा!" एरिकची आठ वर्षांची टेसा किंचाळली.

"लावते गं बाई, लावते!"

तरी माझा स्वभाव असा की आशा सुटत नाही. आभार सुरू झाले तशी मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभीच राहिले. हातात ताट तयार. कारण जेराल्ड पाहुणे होते, आणि पाहुणे काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

सेल्मर पहिले. नारिंगी शिकारी टोपी काढून ते म्हणाले, "डब्यात हात घातला आणि पहिल्याच झटक्यात हवा तो स्क्रू हाती आला."

"चाललं," आजी म्हणाली.

आई, एरिक, डॅना. चाललं, चाललं, चाललं. डॅनाचं तर फारच छान होतं. धाकटं पोर गाडीत झोपतं आणि घरी आल्यावर उचलून नेतानाही उठत नाही, ते.

मग जेराल्ड उभे राहिले. उभं राहायचं नसतं, पण त्यांना काय माहीत. हात जोडल्यासारखे धरून म्हणाले, "मी कुटुंबाबद्दल आभारी आहे."

"झालंय," आजी म्हणाली. "अठ्ठावन्न."

"बरं... आरोग्याबद्दल."

"अठ्ठावन्न."

मी अर्धं पाऊल आत टाकलं. टेसा माझ्या मागून झगा ओढत कुजबुजली, "आत्या, एकच राहिली! एकच राहिली!" जेराल्डनी टर्कीकडे बघितलं. "अन्न," असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. तेवढ्यात बाहेर वाऱ्याचा झोत आला, खिडकी थडथडली, आणि ते एकदम हसले.

"माझ्या गाडीची सीट गरम होते," ते म्हणाले. "बटण दाबलं की. लाज वाटते सांगायला, पण सकाळी तिच्यावर बसलं की मला दर वेळी वाटतं, कुणीतरी आपली वाट बघत होतं."

आजी थांबली. मीही डोक्यातली सगळी वर्षं चाळली. नव्हतं. कुठेच नव्हतं.

"चाललं," आजी म्हणाली, आणि वर, "छान आहे." असं ती कुणाला म्हणत नाही.

मी अर्धं पाऊल मागे घेतलं. संपलं. पुढच्या वर्षी मी पस्तिशीची.

आता पाळी बाबांची. माझे बाबा, ड्वेन, कमी बोलतात. आजोबांनंतर गोठा त्यांनीच सांभाळला, आणि गाईंशी बोलून झालं की माणसांसाठी त्यांच्याकडे फारसं काही शिल्लक राहत नाही. ते काट्याशी चाळा करत म्हणाले, "सकाळी दूध काढायचं यंत्र बंद केलं ना, की गोठ्यात एक शांतता होते. यंत्राचा आवाज गेलेला असतो आणि गाई रवंथ करतात तेवढंच ऐकू येतं. ती."

माझ्या अंगातून वीज गेली.

हे झालेलं होतं! चौऱ्याण्णव साल. मी अकरा वर्षांची, याच दाराशी. आजोबांनी अगदी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. बाबांना ते ठाऊक नव्हतं, कारण त्या दुपारी एक कालवड अडली होती आणि ते गोठ्यात होते. ते परत आले तेव्हा पाई कापून झाली होती.

आणि आजी गप्प होती. मग म्हणाली, "चाललं. पुढे."

आता माझं काय झालं ते मी खरं खरं सांगते. मला दिसली ती खुर्ची. दुसरं काहीही नाही. घरच्याला एकच संधी, बाबा उठणार, खुर्ची रिकामी, मी बसणार, अडीच फुटांची मोकळी जागा, आवाज खाली उतरवायचा. आणि तोंड माझ्या आधी पळालं.

"झालंय! हे झालंय! चौऱ्याण्णव! आजोबा!"

मग एक बारीक आवाज आला, लव्हॉनआत्यानं काटा ताटात ठेवल्याचा. ती आजीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव असता तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी आला असता. पण तिचे डोळे भरले होते. तिलाही आठवत होतं. ती त्या वर्षी तिथेच होती.

मग मला सकाळचं बोलणं आठवलं. एक जरी सुटलं तरी. आणि ते सुटलेलं मी दाखवून दिलं होतं, गळा फाडून, एका खुर्चीसाठी. मी काय केलं? मी आजीला घराबाहेर काढलं.

"म्हणजे," मी घाईघाईनं म्हणाले, "तसं नसेल बहुतेक. मलाच... पंच्याण्णव असेल... दुसरंच काहीतरी..."

"चौऱ्याण्णवच," आजी म्हणाली.

तिनं लोण्याची सुरी खाली ठेवली. "पाच इंच बर्फ होता. ऑर्लिननं तो तपकिरी स्वेटर घातला होता, कोपरावर ठिगळ असलेला. लव्हॉन, तू पाव खालून जाळले होतेस आणि तळ खरवडून आम्हाला वाढलेस. तू म्हणाली होतीस, रात्री लेन्स काढून ठेवल्यावर डोळ्यांना बरं वाटतं ते. हेलेन म्हणाली, टेलिफोनची लांब वायर. ड्वेनची पेग म्हणाली, शाळेची बस वेळेवर येते. मिल्टन म्हणाला, टोमॅटोचा वास पानांनाच जास्त असतो. ते खरं तर पंच्याऐंशी साली झालं होतं, म्हणून तो मुलांच्या टेबलावर गेला. आणि ब्रिटा, अकरा वर्षांची घोडी झाली होतीस तरी त्याच्या मांडीवर बसून स्वतःच्या नाकात वाटाणा घातलास. काढायला पक्कड लागली."

सेल्मर खो खो हसले. "मीच आणली होती पक्कड!"

"आई," आत्या म्हणाली, "मग तू बोलली का नाहीस?"

आजीनं बाबांकडे बघितलं. "तेवीस वर्षं झाली ते ऐकून. पुन्हा ऐकावंसं वाटलं, म्हणून गप्प बसले. ड्वेन, त्या दिवशी तू सोडून सगळ्यांनी ते ऐकलं. तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मला वाटलं, सांगायला वेळ आहे. मग तुझे बाबा गेले. आणि आज तू ते आपलं आपण शोधून आणलंस. त्याला मी जुनं कसं म्हणू?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांचे मोठे, भेगा पडलेले हात टेबलावर होते. "बाबा असं म्हणाले होते?" त्यांनी विचारलं. "शांतता म्हणाले?"

"रवंथसुद्धा म्हणाले."

बाबांनी नाक पुसलं आणि ते आपलं ताट उचलायला लागले. "नियम तो नियम. जातो मी पोरांत."

"बस खाली," आजी म्हणाली. "तू काही चुकला नाहीस. माहीत असून चाललं म्हणाले मी. लबाडी माझी. लबाडी करणाऱ्यानं जायचं." आणि चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आजी उठली, ताट उचललं, वर बटाट्याच्या पोळीसारखे आणखी दोन लेफ्से टाकून घेतले, आणि माझ्या अंगावरून स्वयंपाकघरात निघाली. जाता जाता थांबली. "काय बघतेस? जा, माझ्या खुर्चीत बस. पंच लागतो टेबलाला. एकदम ओरडू नकोस फक्त, माणसं दचकतात."

मी बसले. आठव्या खुर्चीसाठी आले होते, पहिलीत बसले. ओकची पाठ कमरेत बरोबर बसत होती. टेबलाची टोकापर्यंतची सगळी तोंडं माझ्याकडे, मेणबत्त्या, टर्की, जेराल्डचा पिवळा स्वेटर. आनंदानं मला घास गिळता येईना, आणि अजून तर घास घेतलाही नव्हता. स्वयंपाकघरातून टेसाचा आवाज आला, "पणजी, तू खरंच लबाडी केलीस?" आणि मग तिघांचं खिदळणं.

"पुढे," मी म्हणाले. आवाज फाटलाच. "लव्हॉनआत्या."

आत्या नॅपकिनची घडी घालत होती. सोडत होती, पुन्हा घालत होती. काहीतरी ठरवून आणलेलं असणार, पण ते तिनं टाकून दिलं असं मला दिसलं. ती अगदी हळू म्हणाली, "सकाळी सहाचा फोन."

मी वर्षं चाळायला लागले. हेलेनची वायर, छप्पन्न मैलांवरून येणारा कॉल, चुकीचा नंबर लागून झालेली मैत्री...

"मोठ्यानं बोल, लव्हॉन!" स्वयंपाकघरातून आजी ओरडली. "इथे काही ऐकू येत नाही!"

आत्यानं डोळे मिटले. आणि मग ती शांत, नीटनेटकी, बँकेत तीस वर्षं काढलेली माझी आत्या घसा फाडून ओरडली, "सकाळी सहाचा तुझा फोन, आई! तापमानाचा!"

खिदळणं थांबलं. पत्त्यांच्या टेबलावर काहीतरी खडखडलं. मग आजीचा आवाज, "पंच काय म्हणतात?"

"नाही झालेलं!" मी ओरडले. टेबल दणाणलं, सेल्मरची टोपी पडली. "कधीच नाही झालेलं! चाललं!"

एरिकनं टाळ्या वाजवल्या, आई रडता रडता हसत होती, जेराल्ड काही न कळूनही सगळ्यांपेक्षा जास्त खूश दिसत होते. मोकळ्या जागेचं माझं म्हणायचं राहून गेलं, आणि ते राहून गेल्याचं मला पाई खाताना आठवलं.

"आणि लव्हॉन," आजी आतून म्हणाली, "ती किल्ली. चर्चला न्यायचे लेफ्से फ्रीझरमध्ये होते. किल्ली त्यांच्यावर ठेवली, म्हणजे ते विसरून मला निघताच येऊ नये. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

आत्या लाल झाली. "आई, मी..."

"आता इकडे ये. सकाळी दाराबाहेरून सगळं ऐकलंय मी. पर्समधला तो चकचकीत कागद घेऊन ये. या टेबलाचा पाय हलतोय आणि माझा गुडघा ब्रिटाच्या गुडघ्याइतका तरुण नाही."

आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. आत्यानं पर्स उघडली, कागद काढला, हसऱ्या म्हाताऱ्यांकडे एकदा बघितलं आणि तो घेऊन आत गेली. नव्या स्कर्टसकट जमिनीवर गुडघे टेकून टेबलाखाली शिरली. दोन घड्या पुरल्या नाहीत. तिनं चार केल्या.

"बसला?" तिनं खालून विचारलं.

आजीनं हाताच्या तळव्यानं टेबल दाबून बघितलं. तिन्ही पेल्यांतलं दूध जागच्या जागी राहिलं.

"बसला," ती म्हणाली. "उद्याही सहालाच करीन."